रग आणि ठणका

वणीच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या एका वस्तीवर अक्काबाई राहते. वय अठ्ठावन्न. द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायकांची एक टोळी तिच्या हाताखाली आहे. छाटणीनंतर घड लागले आणि मणी बाजरीपेक्षा मोठे पण हरभऱ्यापेक्षा लहान झाले, की तिला बागायतदारांचे फोन यायला लागतात. घडातले दाटीचे मणी कात्रीनं कापून काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. या कामाला सगळे थिनिंग म्हणतात. मांडवाखाली हात वर करून दिवसभर उभं राहायचं आणि शेजारच्या मण्याला ओरखडाही न येऊ देता कापायचं. अक्काबाईचा हात त्यात असा बसला होता, की तिचं घडाकडे लक्ष गेलं असं आपल्याला वाटावं तोवर तो घड होऊनही गेलेला असे.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तिची मूठ वळेना. थंडीचा वात असेल म्हणून तिनं निरगुडीचा पाला बांधला. पुढं मनगटं सुजली, बोटांची पेरं लाल झाली, तेव्हा कुठं ती नाशिकला डॉक्टरांकडे गेली. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, हा म्हातारपणाचा वात नाही, आमवात आहे. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली. पण तोवर दोन हंगाम कात्री सुटली होती आणि मनगट गंजल्या कडीसारखं आखडलं होतं.

ते दोन हंगाम ती बांधावर बसून राहिली. जवळ सगळ्यांचे डबे आणि पाण्याचा जार. टोळी सांभाळायची तिची चुलत जाऊ धोंडाबाई. ती मनानं वाईट नाही, पण तोंडाची फटकळ. "अक्का, तू नुसती सावली धर," असं ती हसत म्हणायची आणि बायका हसायच्या. हसण्याचं अक्काबाईला काही नव्हतं. पण गेल्या हंगामाच्या शेवटी एका पोरीनं उद्या कुठल्या बागेत जायचं ते तिच्या देखत धोंडाबाईला विचारलं, आणि ते तिला लागलं. यंदाच्या थिनिंगला हातात कात्री घेऊन उभी राहीन, नाहीतर टोळी धोंडाबाईला देऊन मोकळी होईन, असं तिनं सुनेला, मोहिनीला, सांगून टाकलं.

ऑगस्टात डॉक्टरांनी तिला फिजिओथेरपीला धाडलं. मंगळवारी आणि शुक्रवारी सासू-सून एसटीनं नाशिकला जायच्या. मुंबई नाक्याजवळ एका इमारतीत पहिल्या मजल्यावर हर्षाली नावाची मुलगी हे काम बघायची. सुरुवात मजेची असे. वितळलेल्या कोमट मेणात हात बुडवून काढायचा. मेण हातमोज्यासारखं बसे आणि आतून ऊब झिरपे. खरं काम त्यानंतर. मनगट मागे वाकवायचं, प्रत्येक बोट अंगठ्याला टेकवायचं, रबरासारखा मऊ गोळा मुठीत दाबायचा. तेव्हा मात्र अक्काबाईच्या कपाळावर घाम येई.

भिंतीवर एक तक्ता होता. शून्यापासून दहापर्यंत आकडे, आणि प्रत्येकाखाली हसऱ्यापासून रडक्यापर्यंत एकेक तोंड. हर्षाली दर वेळी विचारायची, मावशी, दहापैकी किती दुखतंय? अक्काबाई दर वेळी सांगायची, दोन.

तिचंही बरोबरच होतं म्हणा. तीस वर्षं तिनं टोळी चालवली होती. जी बाई दुखतंय म्हणायची, तिला दुसऱ्या दिवशी कामाला बोलावणं नसे. हे तिनं स्वतःच किती जणींना केलं होतं. मग आता आपल्या तोंडून सात कसं निघावं? शिवाय शेतात एक म्हण होती आणि अक्काबाईचा तिच्यावर देवासारखा विश्वास होता: रग रगीनंच जाते. कांदे लावायच्या पहिल्या दिवशी वाकून वाकून मांड्या भरून येतात, दुसऱ्या दिवशी उठवत नाही. त्या दिवशी जी घरी बसली ती बसलीच. जी तशीच कण्हत रानात जाते, तिची रग तिसऱ्या दिवशी जिरते. नव्या पोरींना तिनं हेच शिकवलं होतं. म्हणून हर्षालीनं दहाच वेळा करायला सांगितलेला व्यायाम ती घरी तीस वेळा करू लागली. संध्याकाळी मालिका बघतानाही तो गोळा तिच्या मुठीत असे.

तिसऱ्या आठवड्यात उजवं मनगट तव्यावरल्या भाकरीसारखं टम्म फुगलं. हात लावला तर कढत. शुक्रवारी ते तिनं पदराखाली झाकून नेलं. मेण लावायच्या आधी हर्षालीनं नेहमीचा प्रश्न विचारला आणि अक्काबाईनं नेहमीचं उत्तर दिलं.

मोहिनी दाराशी बाकावर बसली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली, सासूच्या शब्दाला ती कधी आडवी गेली नव्हती. त्या दिवशी ती उठून आली.

"मॅडम, हे दोन काय खरं नाय. आई घरी चहाचा कप दोन हातांनी धरतात. परवा वेणी घालायला मला बोलावलं. पदर काढायला सांगा त्यांना."

पदर निघाला. हर्षाली मनगटाकडे बघत राहिली. रागावली नाही, पण तिचा चेहरा पडला. ती म्हणाली, तुमच्या दोनावर भरवसा ठेवून मी दर आठवड्याला जोर वाढवत गेले. चूक तुमची एकटीची नाही.

अक्काबाईला वाटलं होतं, ओरडेल. ओरडली असती तर बरं होतं. एखाद्या पोरीनं ओळ झाली म्हणून सांगावं आणि आपण बघायला जावं तर निम्मे घड तसेच, तेव्हा त्या पोरीचं जे तोंड होतं, तसं आपलं झालंय हे तिला कळलं. ती म्हणाली, "पोरी, आकड्यात मला नाय सांगता येत. दुखतं ते काय एकसारखं दुखतं का?"

"मग कसं दुखतं ते सांगा. तुमच्या शब्दांत."

तक्ता भिंतीवरच राहिला आणि अक्काबाई सांगू लागली. एक असते रग. ती मांसात असते, काम केल्यावर पसरते, गोड लागते म्हटलं तरी चालेल, रात्री झोपलं की सकाळी निम्मी. चमक निराळी. हात वाकडा गेला की सुईसारखी येते, सरळ केला की गेली. आणि ठणका. तो सांध्यात बसतो, नाडीसारखा उडतो, काही न करताही उडतो आणि झोपू देत नाही.

हर्षालीनं कागद ओढला आणि हे सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, घरी तीस वेळा करता तेव्हा यातलं काय असतं?

अक्काबाईनं सुजल्या मनगटावर दुसरा हात ठेवला. उत्तर तिला कधीचंच माहीत होतं.

"रग रगीनं जाते हे खरंय, मावशी," हर्षाली म्हणाली. "ठणका ठणक्यानं जात नाही."

मोहिनीनं परतताना एसटीत विचारलं, रागावलात का? अक्काबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, चुगलखोर सून मिळाली म्हणून नवस फेडायला देवीच्या गडावर जाऊ आता. मग दोघी ओझरखेडचं धरण येईपर्यंत हसत होत्या.

आठवडाभर मनगटाला पट्टा, सुजेवर थंड पाण्याची घडी, आणि जोर न लावता नुसतं हवेत बोटं हलवणं. पुन्हा सुरुवात केली ती नव्या रीतीनं. भल्या पहाटे व्यायाम करायचा नाही. गोळी आणि न्याहारी झाल्यावर, कोमट पाण्याच्या पातेल्यात हात ठेवून सांधे सैल झाले की मगच. वाकवताना श्वास कोंडायचा नाही, मोठ्यानं आकडे मोजायचे, म्हणजे श्वास आपोआप सुटतो. चमक आली तर तेवढाच वाक कमी करायचा. संपल्यावर दोन तासांनी हात काय म्हणतो ते बघायचं. रग उरली तर उद्या तेवढंच. ठणका उरला तर उद्या निम्मं. मोहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज र किंवा ठ लिहायची. सप्टेंबरात ठ पुष्कळ होते. दिवाळीपर्यंत ते इतके विरळ झाले, की एखादा आला तर आदल्या दिवशी काय जास्त झालं ते दोघींना लगेच आठवे.

दुखणं थांबलं होतं असं मुळीच नाही. मनगट मागे जाताना डोळ्यांत पाणी यायचंच. पण आता अक्काबाई त्या दुखण्याला नाव घेऊन हाक मारत होती, आणि नाव कळलेल्या माणसाची भीती वाटत नाही. हर्षालीनंही इतरांना तसंच विचारायला सुरुवात केली. खांदा आखडलेले ओझरच्या कारखान्यातले एक निवृत्त काका एकदा शेजारच्या टेबलावरून ओरडले, "माझी चमक! चमक लिहा माझी!" अक्काबाईनं त्यांना श्वास सोडायला सांगितलं.

नोव्हेंबरच्या शेवटी महेशच्या बागेत थिनिंग लागलं. महेश हा तरुण बागायतदार. त्याच्या वडिलांपासून ही टोळी त्यांच्याकडे येते. कात्रीच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून अक्काबाईनं ती जाड करून आणली होती. ती ओळीत शिरली तेव्हा धोंडाबाई म्हणाली, "चला, फोटो काढायला उभी राहा. मोबाइल आणा गं." अक्काबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही. पहिला घड हळू झाला. दुसराही. दहाव्या घडाला हाताला जुनं सगळं आठवलं. अर्ध्या तासानं दंडात रग भरली, तशी ती हात खाली सोडून बोटं हलवून घ्यायची आणि पुन्हा वर न्यायची.

दीड तास गेला. ओळीत चार झाडं उरली असताना मनगटात आत कुठंतरी ठोका पडला. थोडं थांबून दुसरा. तिनं कात्री थांबवली. ओळ अर्धी टाकून ती आयुष्यात बाहेर आली नव्हती, आणि सगळ्या बायका बघत होत्या. चार झाडं म्हणजे काय, दात-ओठ खाऊन वीस-पंचवीस मिनिटांत झाली असती.

"धोंडे," ती म्हणाली, "ही चार झाडं तू घे. माझा हात आज एवढाच."

धोंडाबाईनं आपली ओळ तशीच सोडली. ती आली आणि कामाला लागली. अक्काबाईनं मनगटाला पट्टा बांधला, आणि बांधाकडे न जाता ओळीमागून ओळ बघत चालू लागली. दोन पोरींचे घड तिनं परत करायला लावले. धोंडाबाईच्या एका घडात दाटी राहिली होती, तीही बोट दाखवून सांगितली. धोंडाबाईनं मुकाट्यानं कात्री पुन्हा वर नेली.

दुपारी महेश आला. दुसऱ्या बागेला गुरुवारी सातला येणार का, असं त्यानं विचारलं, आणि कुणाला विचारावं या संभ्रमात दोघींकडे आळीपाळीनं बघितलं.

अक्काबाई म्हणाली, "टोळी सातला येईल. मी साडेनऊला. माझा हात जरा उशिरा उठतो."