पुला म्हणजे पाऊस

परकीय चलन बदलून देणाऱ्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ उभे होते. मुलीकडे बोट्सवानाला राहून नुकतेच परतलेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, हातातली एक नोट राहिली."

"ती राहू दे. हिला पुला म्हणतात. पुला म्हणजे पाऊस. तिकडे पाऊस फार कमी, म्हणून पैशालाच पाऊस म्हणतात. नातीनं सांगितलं मला."

मुलगी हसली आणि पुढच्या कामाला लागली. त्यांना मात्र अजून बोलायचं होतं. ते माझ्याकडे वळले. "तुमच्याकडे कुठले?"

"येन. मुलगा जपानला असतो."

"येन म्हणजे गोल," ते लगेच म्हणाले. डॉलरचं नाव चांदीची खाण असलेल्या एका दरीवरून आलं, पौंड म्हणजे वजन, रोमानियाचा लेऊ म्हणजे सिंह, हेही त्यांनी सांगितलं. आपला रुपया रुप्यावरून, म्हणजे चांदीवरून आलेला, एवढं मला ठाऊक होतं. ज्याला जे मोलाचं वाटलं, त्याचं नाव त्यानं पैशाला दिलं असावं. सगळ्यांत मला पाऊसच आवडला. ज्याची वाट पाहावी लागते, त्याचं नाव.

माझं काम होईपर्यंत ते दारात थांबले होते. "समोर चहा बरा मिळतो," ते संकोचून म्हणाले. "घेऊ या का?"

"नको, घाईत आहे," मी म्हणाले आणि भराभर चालत घरी आले. कुलूप उघडलं. घाई कसली होती, ते मला आठवेना.