समोरच्या दारातली हरकत

"काही हरकत नाही" हे तीन शब्द तोंडातून एकदाही न काढता वाढलेला माणूस मराठी मुलखात शोधून सापडायचा नाही, आणि असा एकुलता एक नमुना देवाने नेमका आमच्या समोरच्या दारात आणून ठेवला होता. आपण कसे, पायावर कोणी पाय दिला तरी काही हरकत नाही, चहात साखर विसरली तरी काही हरकत नाही, लग्नाचं आमंत्रण लग्न लागल्यावर आलं तरी काही हरकत नाही. समोरच्या मुलीला मात्र हरकत असायची. ती अगदी लहान, शाळेत जायची तेव्हाची गोष्ट. आमच्या हिने तिला रव्याचा लाडू दिला आणि जरा कडक झालाय गं, चालेल ना, असं विचारलं. या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं असतं हे आपल्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. या बयेने लाडू दाराच्या चौकटीवर आपटून पाहिला आणि शांतपणे सांगितलं, नाही चालणार. आमची ही जी रागावली ती पुढचे लाडू वळेपर्यंत. पुढचे लाडू मऊ झाले होते, हे मात्र मला कबूल केलं पाहिजे.

कॉलेजात गेली आणि तिची हरकत जिना उतरून जगात गेली. ठाण्याच्या कॉलेजात तिला तिच्यासारखीच चार डोकी भेटली, हवामान बदलाने झोप उडालेली. त्यांच्या सभा आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगच्या गच्चीवर भरत. कळव्याची एक मुलगी वेळेवर यायची. घोडबंदर रोडचा मुलगा निघायचा वेळेवर, पण ट्रॅफिकमध्ये अडकून फोनवरूनच ठराव मांडायचा, आणि मागे हॉर्न वाजत असल्यामुळे त्याचा प्रत्येक ठराव पुराव्यासकट यायचा. एका उन्हाळ्यात या मंडळींनी प्रत्येक मजल्यावर, घराघरांत थर्मामीटर टांगले. वडिलांची टोपी घालून ही भर दुपारी जिन्यातून वर-खाली करायची आणि आकडे घ्यायची. शेवटी आमच्या दारात येऊन तिने माझं अभिनंदन केलं, कारण अख्ख्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात गरम जागा म्हणजे गच्चीखालचं आमचं स्वयंपाकघर. आमची ही म्हणाली, हे मला यंत्राशिवायच ठाऊक होतं, फक्त मला कोणी विचारलं नाही. मग ऊन वरच्या वर परतावं म्हणून पोरांनी गच्चीला चुना फासला. देखरेख करायला म्हणून मी वर गेलो आणि घसरून असा बसलो की माझी विजार आजतागायत अर्धी हवामानस्नेही आहे. घर मात्र खरंच गार झालं. त्या दिवसापासून आमच्या घरातला लाडवांचा डबा आधी समोर जायला लागला आणि उरलं तर माझ्याकडे यायला लागला.

हरकतीचंही एक शास्त्र असतं, हे मला तिने शिकवलं. या वयात शिकवणी लागेल असं वाटलं नव्हतं, पण ती माझ्याच सोफ्यावर मांडी घालून बसायची आणि माझी उजळणी घ्यायची. नुसती कुरकुर म्हणजे हरकत नव्हे. हरकत लेखी लागते आणि मुदतीत लागते. शिवाय हरकत घेणारा माणूस बाधित असावा लागतो, म्हणजे त्या गोष्टीने त्याचं स्वतःचं काहीतरी बिघडत असलं पाहिजे. "काका, तळं सुंदर आहे असं नाही लिहायचं. ते कवितेत लिहा," ती म्हणायची. "तुम्ही बाधित कसे, ते लिहा." मी म्हणालो, मी तर रोज तुझ्यामुळेच बाधित असतो. ती म्हणाली, मग तेही लेखी द्या.

तळं म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या मागचं तळं. दिसायला काही खास नाही, कडेला भरपूर गवत आणि मध्ये दोन बगळे, तेही बहुतेक तेच तेच. पण पाऊस झाला की आजूबाजूचं सगळं पाणी ते मुकाट्याने पोटात घेतं. एका वर्षी कोणीतरी त्यात राडारोडा आणून ओतला, तर पाण्याने सरळ आमच्या तळमजल्याचा रस्ता धरला. तिथे शिलाईकाम करणाऱ्या एक मावशी राहतात. एकट्याच आहेत, आणि मशीन हेच त्यांचं पोट. आता शहराचा हवामान आराखडा तयार व्हायला लागला होता. तो व्हावा म्हणून या पोरांनीच निवेदनं देऊन देऊन पालिकेचे जिने झिजवले होते. अखेर मसुदा बाहेर आला, हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या, आणि पाहतो तर आमच्या तळ्याच्या जागी नकाशात लिहिलं होतं, वाहनतळ. शब्दात तळ शिल्लक होता, एवढंच समाधान. पोरगी त्या दिवशी जेवली नाही. तळं गेलं तर मावशींचं घर पहिल्या पावसाळ्यात जाणार, हे तिला आकडेमोड न करताही दिसत होतं.

सुनावणीला ती बिल्डिंगमधल्या आम्हा सगळ्या ज्येष्ठांना घेऊन गेली. मावशी नवी साडी नेसून आल्या होत्या. तुम्ही फक्त बसा, विचारलं तर बाधित कसे तेवढं सांगा, बाकी मी बघते, अशी आम्हाला सक्त ताकीद होती. पालिकेचे साहेब आले ते जरा उशिराने, पण माणूस सज्जन. आल्या आल्या त्यांनी आमच्या पांढऱ्या डोक्यांकडे पाहून हात जोडले आणि विचारलं, तुमचा तळ्याचा विषय जरा मागे ठेवला तर चालेल ना? झालं. आम्ही सगळ्यांनी, आरतीला लागावा तसा एकदम सूर लावला, "काही हरकत नाही." कोपऱ्यात एक मुलगी सुनावणीची नोंद टाइप करत होती. तिचं काम ऐकायचं आणि टाइप करायचं. तिने ऐकलं आणि टाइप केलं.

आमचा नंबर आला तेव्हा साहेबांनी पडद्यावर पाहून वाचलं, तळ्याबाबत तेथील रहिवाशांची काही हरकत नाही. मी आमच्या समोरच्या दारातल्या मुलीकडे पाहायचं टाळलं. आमच्या शेजारचे एक गृहस्थ उगाच चष्मा पुसायला लागले. वाटलं, आता ही आमच्यावर उखडणार, आणि उखडली असती तर एका शब्दाने बोलायची सोय नव्हती. ती उभी राहिली, आमच्याकडे एकदा वळून पाहिलं आणि तिला हसूच आलं.

"सर, ही माणसं ऑपरेशनच्या टेबलावर पण हरकत नाही म्हणतील," ती म्हणाली. "ती त्यांची सवय आहे, संमती नाही. तुम्ही मावशींना विचारा ना, पाणी आलेलं तेव्हा मशीन कुठे ठेवलेलं."

मावशी उभ्या राहिल्या. मशीन पलंगावर ठेवलेलं, असं त्यांनी सांगितलं. मग पदर सावरून म्हणाल्या, "आणि पाणी उतरेपर्यंत मी मशीनशेजारी बसलेले. तळं बुजवा साहेब, पण मग मी कुठे बसू तेवढं सांगा."

टाइप करणाऱ्या मुलीला साहेबांनी आधीची नोंद काढायला सांगितली आणि मावशींचं वाक्य जसंच्या तसं घ्यायला लावलं. आराखडा पक्का झाला तेव्हा त्यात एक ओळ आली की शहरातली सगळी तळी पावसाचं पाणी साठवायला राखीव राहतील. नुसतं आमचं नाही, सगळी. छापताना तळीचं टाळी झालं होतं, म्हणजे शहरातल्या सगळ्या टाळ्या राखीव. तिने त्यावरही हरकत घेतली, आणि तीही मान्य झाली. तिने ती ओळ वाचून दाखवली तेव्हा मावशींनी खरंच टाळ्या वाजवल्या.

त्या ओळीने तळं आमच्याकडे ठेवलं आणि तिला मात्र नेलं. त्याच कामाच्या जोरावर हवामान धोरण शिकायला तिला दिल्लीत प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली. आमच्या हिने लाडू पुढे केला, तो तिने चौकटीवर न आपटताच खाल्ला. बॅगा भरून झाल्या, गाडी सकाळची, थंडी तिकडे फार असते म्हणतात, अशी सगळी बोलणी झाली. मग दारात थांबून, आयुष्यात पहिल्यांदाच, ती ते तीन शब्द बोलली.

"काका, मी चाललेय. तुमची काही हरकत नाही ना?"

मी जन्माच्या सवयीने म्हणालो, "छे गं, काही हरकत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली, सुनावणीत आमच्याकडे वळून पाहिलं होतं तशीच. "नक्की ना? रेकॉर्डवर जातं हां," म्हणाली. मी दाराची कडी खालीवर करत राहिलो. मग हळूच म्हणाली, "असेल तर लेखी द्या." आणि समोरच्या दारात शिरली. सकाळी जिना उतरून गेली.

तळ्यात यंदा पाणी भरपूर आहे. मावशींचं मशीन जमिनीवर आहे आणि दुपारभर चालू असतं. समोरचं दार बंद असतं, लाडवांचा डबा सरळ माझ्याकडे येतो, आणि लाडू पुन्हा कडक व्हायला लागलेत. नाही चालणार, असं सांगणारं कोणी नाही. मुदत केव्हाच उलटून गेली आहे, हे मला माहीत आहे. तरी लेखी देतो आहे. माझी हरकत आहे, आणि मी बाधित आहे.