हौसाबाईची जागा

हौसाबाईचा पाय काळा पडायला लागला, तेव्हा मी देवावर चक्क रुसले होते. मुरुडच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत मी महिला मंडळाची अध्यक्षा आहे. घरी पर्यटकांसाठी खोल्या आणि खानावळ असल्यामुळे दिवसभर हुकूम सोडायची जिभेला सवय. आमचे हे म्हणतात, तू प्रार्थनासुद्धा देवाला कामं नेमून दिल्यासारखी करतेस. त्यात खोटं काही नाही. या वेळी तर मी प्रभूला अगदी स्पष्ट सांगितलं होतं, या बाईला दवाखान्यात जायची बुद्धी दे, बाकीचं सगळं मी बघून घेते. रोज सांगत होते आणि रोज तो पाय आदल्या दिवसापेक्षा वाईट दिसत होता. एकदा रागाने मी उपासनेत गाणंच म्हटलं नाही. शेजारच्या बायकांना वाटलं, माझा घसा बसलाय.

हौसाबाईची ओळख आमच्या मंडळाच्या कामातून झाली. एसटी स्टँड आणि बंदराच्या आसपास ज्यांना छप्पर नाही अशा माणसांना आम्ही गरम जेवण नेऊन देतो, थंडीत पांघरुणं देतो, कोणी आजारी असेल तर दवाखान्यात नेतो. फार मोठं काम नाही, पण नेमाने चालतं. हौसाबाई बर्फाच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या पडवीत राहायची. मूळची म्हसळ्याकडची. नवरा गेल्यावर नारळाच्या एका वाडीत झाडलोटीचं काम करून तिथेच राहत होती, ती वाडी सोडून इथे आली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. वय सत्तरीच्या पुढे असावं. अंगाने काटकुळी, पण नजर अशी की तिच्याकडे ताट देताना आपणच सावरून उभं राहावं. ती आमच्या धर्माची नव्हती आणि तो विषय आम्ही कधी काढला नाही. तिला आमची गाणी आवडायची. तुमचा देव कुठला नि माझा कुठला मला कळत न्हाय, पन गानी ग्वाड हायत, असं ती म्हणायची.

किनाऱ्यावर चालताना तिच्या तळव्यात शिंपला घुसला आणि ती जखम भरेचना. मंडळातल्या सुमनताई जन्मभर नर्स होत्या. त्यांनी पाय पाहिला, नाकाला पदर न लावता शांतपणे पाहिला, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या की हिला साखर आहे, आता उशीर केला तर आधी पाय जाईल आणि मग बाई जाईल. त्या दिवसापासून मी हौसाबाईच्या मागे हात धुऊन लागले. गोड बोलून पाहिलं, दरडावून पाहिलं, आमच्या मागच्या खोलीत राहा म्हणून सांगितलं. डॉक्टरांना पडवीत घेऊन आले तर तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. कारण विचारलं की एकच उत्तर यायचं, मी हितं बरी हाय. एवढा हट्ट कशाचा, हे मला काही केल्या कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मी कळून घ्यायला बसलेच नव्हते. उभ्याउभ्या बोलायचं आणि पुढच्या कामाला जायचं, ही माझी रीत.

आमच्याकडे दर बुधवारी दुपारी बायकांची घरप्रार्थना असते. पाळीपाळीने एकेकीच्या घरी जमायचं, दोन गीतं म्हणायची, शास्त्रवाचन आणि प्रार्थना झाली की जिचं घर असेल तिने चहा द्यायचा. एका बुधवारी माझ्याकडे प्रार्थना होती आणि हौसाबाई ओटीवर जेवत होती, ती आत येऊन बसली. तेव्हापासून लंगडत का होईना, प्रत्येकीच्या घरी येऊ लागली. एकदा शेवटी मी नेहमीप्रमाणे विचारलं, पुढच्या बुधवारी कुणाकडे? कोणाकडे पाहुणे येणार होते, कोणाकडे रंगकाम चाललं होतं. सगळ्या एकमेकींकडे बघत असताना दाराशी बसलेली हौसाबाई म्हणाली, "मी समद्यांकडं येते. माझ्याकडं कवा येनार तुमी?"

माझ्या डोक्यात तर नकाराची वाक्यं तयारच होती. पडवीत ऊन येतं, जाळी वाळत टाकलेली असतात, त्यांचा वास येतो, वयस्कर बायका खाली कशा बसतील. पण मी तोंड उघडायच्या आत सुमनताईंनी विचारलं, "किती वाजता येऊ?" आणि हौसाबाईने एखाद्या सुखवस्तू यजमानीणबाईसारखं थोडा विचार करून सांगितलं, ऊन उतरल्यावर या.

आम्ही गेलो तेव्हा पडवी धुऊन लख्ख केली होती. गाठोडी एका कोपऱ्यात नीट रचली होती आणि कोणी कुठे बसायचं हे तिने ठरवून ठेवलं होतं. मला खांबाला टेकून बसवलं, कारण माझी कंबर दुखते हे तिला माहीत होतं. मी तिला ते कधी सांगितलं नव्हतं. तीन दगडांच्या चुलीवर गूळ घालून कोरा चहा केला होता. आमचे आवाज त्या उघड्या जागेत कसे लागतील याची मला काळजी होती, पण गीत सुरू झालं आणि रस्त्यावरून जाणारी दोन-तीन माणसं थांबून ऐकू लागली. मग मी यजमानिणीला विचारतात तसं विचारलं, हौसाबाई, आज आम्ही कशासाठी प्रार्थना करायची? सगळ्यांना वाटलं, ती पायाचं सांगेल. तिने पडवीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझी जागा ऱ्हाऊ दे, एवढंच मागा."

मग तिने सांगितलं. वाडीत तिचं खोपट होतं, बरीच वर्षं. बहीण वारली म्हणून ती म्हसळ्याला गेली, बाराव्यापर्यंत राहिली. परत आली तर खोपटाच्या जागी सपाट जमीन, वर लाल माती पसरलेली. मालकाने वाडी विकली होती. तिची भांडी कुठे गेली हेही कोणी सांगेना. तेव्हापासून तिने ठरवलं होतं, जागा सोडून कुठे मुक्कामाला जायचं नाही. हे सांगताना ती रडली नाही, पण मला रडू फुटलं. इतके दिवस मी तिच्या पायाकडे बघत होते आणि तिच्या जिवाला घोर लागला होता तो या चार हात फरशीचा. प्रार्थना मीच करायची होती. मी डोळे मिटले आणि काय बोलावं हे सुचेना, असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही. शेवटी मी डोळे उघडून देवाऐवजी तिच्याशीच बोलले. म्हटलं, "हौसाबाई, तुम्ही दवाखान्यात जा. मी इथे बसते. तुम्ही येईपर्यंत तुमची जागा कोणी हलवणार नाही."

"तुमी सोता बसनार?"

"मी स्वतः."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताई आणि मी रिक्षा घेऊन गेलो. हौसाबाईने गाठोडी, चूल, पाण्याची कळशी, गुळाचा डबा सगळं मला दाखवून दिलं, जागा सोडून उठू नका म्हणून बजावलं आणि रिक्षात बसली. त्या गडबडीत माझी पिशवी, तीत डबा आणि चष्मा, रिक्षातच गेली. हातात राहिला तो फक्त फोन. पडवीत धूळ असणार म्हणून मी घरातलं जुनं, विटलेलं पातळ नेसले होते. वाऱ्याने केस सुटले होते. त्या गाठोड्यांच्या मध्ये मी कशी दिसत असेन याचा मला त्या वेळी पत्ताच नव्हता.

तिथे बसल्यावर माझ्या लक्षात आलं की बसणं हेही काम आहे आणि ते मला येत नाही. समोरून ओळखीची माणसं जात होती, काही जण मला पाहूनही न पाहिल्यासारखं करत होते. दुपार झाली आणि पोटात कावळे ओरडू लागले. तेवढ्यात पलीकडच्या मोहल्ल्यातून डोक्यावर ओढणी घेतलेली एक बाई झाकलेलं भांडं घेऊन आली. गुरुवार होता. नंतर कळलं की दर जुम्मेरातला ती हौसाबाईला जेवण आणून द्यायची. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, म्हातारी कुठे गेली, तू नवीन आलीस का? मी उत्तर द्यायच्या आत भांडं माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "खा गो, लाजू नको. भांडं घेऊनच जाते मी."

माझी स्वतःची खानावळ आहे, असं सांगायला कितीसा वेळ लागला असता? शब्द ओठांवर आले होते. अपमान वाटला, तोही, खोटं कशाला बोलू, चांगलाच वाटला. आजवर मी शेकडो माणसांच्या पुढ्यात ताट ठेवलं असेल, माझ्या पुढ्यात असं कोणी ठेवलं नव्हतं. आणि मग आतून अगदी हळू असं वाटलं की गप्प राहा आणि घे. तो कोणाचा आवाज होता याचा मी दावा करत नाही. मी दोन्ही हात पुढे केले. तांदळाची भाकरी होती आणि कोलंबीचं कालवण. मी डोळे मिटून आभार मानले आणि पोटभर जेवले. ती खांबाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती, मी खाताना माझ्याकडे बघायचं नाही एवढी तिला जाण होती.

भांडं कळशीतल्या पाण्याने धुतलं आणि तिच्या हाती देणार तेवढ्यात हात थांबला. आईने लहानपणापासून लावलेली सवय, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. माझ्यापाशी तर काहीच नव्हतं. मी हौसाबाईच्या डब्यातला गुळाचा एक खडा काढला आणि भांड्यात ठेवला. ती बाई निघायच्या बेतात होती. गूळ पाहिला आणि थबकली. मग हसत हसत माझ्याजवळ खाली बसली आणि तू कुठली, कुणाची, असं विचारू लागली. मी आता खरं काय ते सांगणार, एवढ्यात फोन वाजला.

सुमनताई होत्या. पायातलं विष वर चढत होतं, आजच्या आज अलिबागला नेऊन शस्त्रक्रिया करायला हवी, असं डॉक्टर म्हणाले होते. रुग्णवाहिका एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन नुकतीच गेली होती, ती परत यायला वेळ लागणार होता. एवढ्या वळणांच्या रस्त्याने रिक्षातून नेण्यात अर्थ नव्हता. गाडी बघा, म्हणाल्या. मी एकामागून एक फोन केले. ओळखीचे सगळे गाडीवाले पर्यटकांना घेऊन कुठे ना कुठे गेलेले. आमचे हे मुंबईला. ज्या बाईला गावात काय कुठे मिळतं हे तोंडपाठ, तिला एक गाडी मिळेना. ती बाई सगळं ऐकत होती. तिने माझ्या हातातला फोन हळूच खाली ठेवला आणि म्हणाली, माझा भाऊ आखातातून सुट्टीवर आलाय, गाडी दारात आहे. मग तिने त्याला फोन लावला आणि फक्त एवढंच सांगितलं, गाडी काढ, आपल्या म्हातारीला अलिबागला न्यायचंय. मी 'नाही, जेवण नको' म्हणून तिला परत पाठवलं असतं किंवा भांडं तसंच हातात दिलं असतं, तर फोन वाजला तेव्हा ती घरी पोहोचलेली असती. मी यापलीकडे काही सांगत नाही, ज्याने त्याने आपापल्या मनाशी समजून घ्यावं.

खरी परीक्षा त्यानंतर होती. गाडीत सगळ्यात पुढे मीच असायला हवं होतं. डॉक्टरांशी बोलायला मी, धावपळीला मी. पण मी शब्द दिला होता. गाडी दवाखान्याच्या दिशेने गेली, ती बाई, जुबेदाभाभी तिचं नाव, भावाबरोबर गेली, आणि मी पडवीत बसून राहिले. जीव नुसता तळमळत होता. मी प्रभूला सांगायला सुरुवात केली, आता असं कर, तसं कर, आणि मधेच थांबले. म्हटलं, तुला सांगण्यासारखं माझ्यापाशी काही उरलं नाही. तुझं तू बघ. मी इथे आहे. एवढं बोलल्यावर मला आयुष्यात क्वचित लाभलेली शांतता वाटली. समुद्राकडून वारा येत होता आणि मी गाठोड्याला टेकून बसल्या जागी चक्क झोपले. संध्याकाळी मला सुमनताईंच्या फोनने जाग आली. दोन बोटं काढावी लागली होती, पण पाय वाचला होता आणि बाई शुद्धीवर येऊन माझं नाव घेऊन विचारत होती की ती उठली तर नाही ना.

हौसाबाई अलिबागला होती तोवर मंडळातल्या बायका पाळीपाळीने पडवीत बसल्या. जुबेदाभाभीनेही पाळी घेतली, आणि आपल्या पाळीला ती सगळ्यांपेक्षा चांगलं जेवण घेऊन यायची. हौसाबाई परतली तो दिवस नेमका माझा होता. काठी टेकत ती पडवीच्या पायरीशी आली, मी आधाराला धावले, तर माझा हात तिने बाजूला केला. चुलीपाशी गेली, गाठोड्यांना हात लावून पाहिला, खांबाला लावून पाहिला. मग पदर तोंडाशी धरून ती हमसून हमसून रडली. "हाय गं बाई," ती म्हणत होती, "माझी जागा हाय."

त्या पडवीचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. कारखाना कोणाचा तरी आहे, उद्या तो विकतीलही. हौसाबाईसाठी पक्कं छप्पर मिळावं म्हणून आमची खटपट चालू आहे आणि ते मिळेल असा माझा पुरा विश्वास आहे. मी अजून हुकूम सोडते, तो स्वभाव काही जायचा नाही. पण प्रार्थनेला बसले की आता आधी बराच वेळ मी काहीच बोलत नाही. त्या गुरुवारी प्रभूने इतरांना धावायला लावलं आणि माझ्याकडून फक्त घेण्याचं आणि बसून राहण्याचं काम करवून घेतलं. ते मला जमलं, याबद्दल मी रोज त्याचे आभार मानते.