मिरच्यांनी तोललेली लस

माझे सासरे नंदुरबारच्या मिरची बाजारात तोलारी होते. काट्यावर चढल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट खरी वाटत नसे. घरातल्या पाट्या-वरवंट्याचंही वजन त्यांना पाठ होतं. माझ्या सहा महिन्यांच्या लेकीला देवीची लस टोचायला सरकारी माणूस दारात आला, तेव्हा त्यांनी त्याला बसवलं आणि ओसरीच्या आढ्याला नमुन्याचा लहान तराजू टांगला.

एका पारड्यात लशीनं झालेला त्रास, दुसऱ्यात देवीनं झालेला. गेलेल्या पोरामागे एक सुकी मिरची. ताप आला असेल तर अर्धी, दंड सुजला असेल तर नुसतं देठ. अंगणात देठं खुडणाऱ्या बाया एकेक पोर आठवून सांगू लागल्या. पलीकडच्या गल्लीतलं एक तान्हं टोचल्यावर आठवड्यात गेलं होतं. लशीनं की आणखी कशानं, कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी सासऱ्यांनी त्याची अख्खी मिरची टाकली, आणि ते मलाही पटलं. एक मिरची ओली निघाली म्हणून त्यांनी ती बदलून घेतली. टोचणारा बिचारा शिंकून शिंकून बेजार झाला होता.

देवीचं पारडं मात्र वरच राहिलं. त्यात चेहऱ्यावर व्रण राहिलेल्यांचे चार तुकडे, बस. कारण देवीनं नेलेलं पोर आमच्याकडे मेलं म्हणत नसत. ते तिचं होतं, तिनं नेलं. रडायचं नाही, मोजायचं तर मुळीच नाही.

"लस जड शे," सासरे म्हणाले. टोचणारा पेटी बंद करू लागला.

माझं डोकंच फिरलं. दोन वर्षांपूर्वी माझा पहिला मुलगा याच ओसरीवर, देवी येऊन कडुलिंबाच्या पाल्यावर गेला होता, आणि मला रडू दिलं नव्हतं. सासऱ्यांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर ओढून बाहेर आले आणि वरच्या पारड्यात एक मिरची टाकली.

"मन्हा पोऱ्या," मी म्हणाले.

मग अंगणातली एक म्हातारी उठली. "मन्हा दोन." तिच्यामागे दुसरी, तिसरी. पारडं जमिनीला टेकलं तरी बाया थांबेनात. सासरे "जरा दमानं" म्हणत सांडलेल्या मिरच्या गोळा करत राहिले.

लेकीला टोचलं. दोन दिवस ताप आला, तेवढे दोन्ही दिवस सासरे अर्धी मिरची हातात धरून तिच्या उशाशी बसले. तिसऱ्या दिवशी ती हसली, तेव्हा त्यांनी ती मिरची लशीच्या पारड्यात इमानानं टाकली. मग दुसऱ्या पारड्यातल्या ढिगातून एक उचलून माझ्यापुढे धरली.

"हाई त्यानी शे का?"

हो, माझ्या मुलाचीच, मी म्हणाले, आणि त्या घरात पहिल्यांदाच मोठ्यानं रडले.