शेजारची टोपली

पोलादपूरच्या बाजारात आम्हा वरच्या वाडीच्या बायकांची जागा एसटी स्टँडच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला होती. वाडीवर जीप चढायला लागली ती पुढे दोन हजार सालानंतर. त्याआधी सगळं पायीच. परसात पिकेल ते टोपलीत भरायचं, उजाडता उजाडता डोंगर उतरायचा आणि गोणपाट अंथरून बसायचं. जागा कुणी नेमून दिल्या नव्हत्या, पण ठरलेल्या होत्या. माझ्या डाव्या हाताला माझी चुलत जाऊ बसायची. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, शेजारचंच घर, मधे फक्त काटक्यांचं कुंपण.

तिच्या पडवळांना बाजारात मान होता. पडवळ मोकळं सोडलं की वेटोळं होतं, म्हणून कोवळं असतानाच त्याच्या टोकाला दोरीने लहानसा दगड बांधतात. बांधायच्या सगळ्याच, पण ही रोज सकाळी मांडवाखाली फिरून वाढीप्रमाणे दगड बदलायची. तोडणीनंतर मोकळे झालेले दगड दोरीसकट मांडवाच्या काठीला अडकवून ठेवायची.

एका पावसाळ्यात तिचा वेल कुंपण ओलांडून माझ्या मांडवावर आला. माझ्या बाजूला लोंबलेली तीन पडवळं मी तोडली आणि विकायला नेली. तिने ती लगेच ओळखली.

"माजीच पडवळं माज्या बाजूला बसून इकतेस गो?" ती चारचौघींत म्हणाली.

मी कसली गप्प बसते. माझं तोंड पहिल्यापासून तिखट. "वेलाला सांगायचं व्हतं ना, कुंपण वलांडू नको म्हणून."

बायका हसल्या. ती हसली नाही. त्या दिवशी धरलेला अबोला तीन वर्षं चालला. एकाच पायवाटेने उतरायचो, खेटून बसायचो आणि बोलायचो मात्र पलीकडच्या बाईशी. मला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. उलट आपण नमलो नाही याची ऐटच होती.

बाजारात एक रीत होती. कुणाला मधेच उठून जावं लागलं तर ती आपली टोपली शेजारणीकडे सरकवायची. तोंडाने सांगावं लागत नसे. शेजारीण दोन्ही टोपल्या विकायची, आणि आपल्या आधी तिची. भांडण असलं तरी ही रीत कुणी मोडत नसे.

श्रावणातल्या एका बाजारी जाऊ सकाळपासून अंग चोरून बसली होती. डोळे पिवळट, ओठ सुकलेले. थोड्या वेळाने ती उठली, टोपली माझ्याकडे सरकवली आणि दवाखान्याच्या वाटेला लागली. तीन वर्षांत तिने माझ्याकडे काही सरकवलं नव्हतं. तिने माघार घेतली होती, हे मला तेव्हाच कळलं. कळूनही मी टोपलीला हात लावला नाही. गिऱ्हाईक यायचं, पडवळ उचलायचं. "माजी नायत ती. मालकीण आल्याव इचारा," मी म्हणायचे. असं चार जणांना म्हटलं.

ती परत आली तेव्हा टोपली तशीच भरलेली होती. तिने टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. भरली टोपली डोक्यावर चढवायला शेजारणीचा हात लागतो. मी बसूनच राहिले. तिने चुंबळ ठेवली, एकटीनेच कशीबशी टोपली उचलली आणि डोंगराची वाट धरली.

पंधरा दिवसांत ती गेली. महाडला नेलं होतं. कावीळ अंगावर काढली, असं डॉक्टर म्हणाले. "टोपलीनं काय माणूस मरतंय काय?" माझा नवरा मला म्हणाला. मरत नाही, हे मलाही कळतं. पण तसल्या दुखण्यात तिने ते ओझं परत डोंगरावर नेलं, ते माझ्यामुळे.

दिवसकार्य झाल्यावर तिचे मुलगे घराला कुलूप घालून मुंबईला गेले. वेलावरची पडवळं कुणी तोडली नाहीत. ती पिकून लाल झाली, फुटली, वेल वाळून गेला. काठीला अडकवलेले दगड तेवढे राहिले. वारा सुटला की ते एकमेकांवर आपटायचे. भांडी घासताना माझा हात थांबायचा. वाटायचं, ती दगड बदलतेय. नवऱ्याला म्हटलं, काढून टाका ते. "तूच काढ की," तो म्हणाला. उघड सांगते, मला भर दुपारीही त्या परसात पाय टाकायची भीती वाटायची.

पुढच्या पावसात तिथे आपोआप रोपं उगवली. वेल मांडवावर चढले, पडवळं धरली आणि दगड बांधायला कुणी नाही म्हणून वेटोळी होऊ लागली. ते मला बघवेना. आठवडाभर मी कुंपणापर्यंत जाऊन परतले. मग एका सकाळी आत शिरले आणि काठीवरचे दगड काढून एकेका पडवळाला बांधले. बांधताना मोठ्याने बोलत होते, "चोरत नाय हां, जावबाय. नुसतं बांधतेय." उत्तर येणार नव्हतं, तरी मी थांबून ऐकलं.

तोडायला आली तेव्हा ती पडवळं मी वेगळ्या टोपलीत भरली. बाजारात जावेच्या जागेवर वर्षभर कुणी बसलं नव्हतं. तिथे ती टोपली ठेवली. थोड्या वेळाने एक म्हातारी छत्री मिटत आली. पोलादपुरातलीच, जावेचं जुनं गिऱ्हाईक. वर्षभर लेकीकडे पुण्याला होते, म्हणाली. तिने एक पडवळ उचलून निरखलं आणि तिचा चेहरा खुलला.

"ही कुठे गेली?"

मी खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं.

"जरा गेलीय," मी म्हटलं. "मी बघतेय तिची टोपली. देऊ का?"

"नको, येऊ दे तिला. तिच्याच हातची घेईन, जरा बोलणंही होईल."

म्हातारी दुकानाच्या वळचणीला जाऊन उभी राहिली आणि रस्त्याकडे बघू लागली. मीही तिकडेच बघत बसले.