तक्कुवा गादी

बोलण्याआधी तो उजवा हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा. समोर माणसं असली तरी आणि नुसती बकरी असली तरी. बकरी चघळायची थांबेपर्यंत हात खाली येत नसे. मग भोंग्यात दोनदा फुंकर, एक खाकरणं, आणि सुरुवात: "नाव झालं पायजे, बस!"

आदिलाबादकडच्या बोथ गावच्या आठवडी बाजारात उभे राहिला असाल तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. सायकलच्या हँडलला पत्र्याचा भोंगा, कॅरिअरला बॅटरी, गळ्यात उन्हाळ्यातही मफलर. मफलर घशासाठी होता. घसा हा आपला कारखाना आहे, असं तो ज्याला त्याला सांगे.

मोठ्या दुकानदारांकडे जाहिरातीला जीप होती, जीपवर कॅसेट होती, कॅसेटमध्ये शहरातल्या कुणाचा तरी तुपाळ आवाज होता. आमच्यासारख्या टपरीवजा दुकानदारांकडे हा होता. मजुरी म्हणून तो पैसे घेत नसे, माल घेई. चपलेच्या दुकानाचा पुकारा केला तर चपला, भांड्याच्या दुकानाचा केला तर पाण्याचा गडवा. त्यामागे त्याचं तत्त्व होतं आणि ते सांगताना त्याचा चेहरा कीर्तनकारासारखा व्हायचा. "जे म्या वापरलं नाही, ते म्या सांगत नाही. उद्या लोकायनं इचारलं तर तोंड कोनतं दाखवू?"

या सत्यनिष्ठेपायी त्याने एका सायकल दुकानाची पुरती वाट लावली होती. "इथं काढलेलं पंक्चर पुन्हा त्याच जागी होत नाही!" असं तो भर चौकात गर्जला. एवढ्यावर थांबला असता तर दुकानदाराने त्याला खांद्यावर घेतलं असतं. पण त्याने ते दुकान स्वतः वापरलेलं होतं. म्हणून पुढे प्रामाणिकपणे म्हणाला, "बाजूले होते."

अशा माणसाच्या हाती मी माझं नशीब सोपवलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कापूस पिंजायचं मशीन आणून गाद्यांचं दुकान टाकलं होतं. गाद्या विकल्या जातात लग्नसराईत. ती हुकली की मशीन वर्षभर झोपणार आणि मी नार्नूरला सासऱ्यांच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला जाणार, हे घरात ठरलेलं होतं. सासऱ्यांनी मिठाच्या पोत्याशेजारी माझ्यासाठी एक स्टूलसुद्धा रिकामं करून ठेवलं होतं. बायको माहेरी जाऊन आली की त्या स्टुलाची खुशाली सांगायची.

आणि नेमकं तेव्हाच आदिलाबादच्या एका बड्या दुकानाची जीप गावात फिरू लागली. मी त्याला बोलावलं. मजुरी ठरली, एक उशी.

"शेटजी, मराठी लोक आपलेच हायेत," तो म्हणाला. "तेलुगू गिऱ्हाईक धरा लागते. मले येते तेलुगू."

येत होती, माझ्याइतकी. म्हणजे बाजारात भेंडी घेण्यापुरती. त्या बळावर त्याने घोषणा रचली. तेलुगूतही दर म्हणजे दरच, आणि पत्ती म्हणजे कापूस. आता तेलुगूत कमीला म्हणतात तक्कुवा आणि जास्तीला एक्कुवा. दर तक्कुवा, पत्ती एक्कुवा! मी ऐकून खूश झालो. काय ताल, काय यमक!

बाजाराच्या दिवशी हात वर गेला, माणसं थांबली, आणि भोंगा कडाडला. मी दुकानाच्या पायरीवर, शब्द न ऐकता नुसत्या तालावर मान डोलवत उभा. लोक हसत होते. एकमेकांना ढोसून माझ्याकडे बोट दाखवत होते. मी हात जोडून सगळ्यांचे नमस्कार स्वीकारले. पत्ती म्हटल्यावर दोघं-तिघं मराठी गिऱ्हाईक चहापत्ती आली का विचारून गेले, तेवढं सोडलं तर झकास चाललं होतं.

दुपारी शाळेतले तेलुगूचे सर आले. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "तुम्ही सकाळपासून हे मुद्दाम सांगून राह्यले काय?"

काय सांगून राह्यलो, ते त्यांनी सांगितलं. आमच्या वक्त्याने दोन शब्दांची अदलाबदल केली होती. दर एक्कुवा, पत्ती तक्कुवा. भाव जास्त, कापूस कमी. सकाळपासून भरबाजारात, माझ्याच उशीच्या बोलीवर.

मी त्याला शिव्या दिल्या. त्याने मफलर सारखा केला. "लोक हासले ना, शेटजी? हासलेला मानूस इसरत नाही. नाव झालं."

"आणि माझं वाटोळं झालं त्याचं काय?"

"ते बी नावच हाय," तो म्हणाला.

आता इथे मी काय केलं ते सांगतो. तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगू नका. ठरल्याप्रमाणे त्याला उशी द्यायची होती. रागाच्या भरात मी तिच्यात निम्माच कापूस भरला. तक्कुवा ओरडलास ना, घे तक्कुवा. त्याने उशी काखेत मारली, एकदा दाबली, माझ्याकडे पाहिलं आणि सायकलवर बसून गेला.

पुढच्या बाजारी गुडीहत्नूरकडचा एक शेतकरी दुकानात आला. मुलीच्या लग्नासाठी गाद्या हव्या होत्या. स्वतःच पुकारा करून कमी कापूस भरणारा माणूस बघायला आलो, म्हणाला. घरची वजनं घेऊन आला होता. दारात तराजू टांगायला लावला आणि साऱ्या बाजारासमोर कापूस तोलला. पुरेपूर भरला. बघ्यांची निराशा झाली, पण त्यातल्या चौघांनी गाद्या सांगितल्या. मी तराजू काढलाच नाही. आमच्या दुकानाचं नावच पडलं 'तक्कुवा गादी'. जीपवाल्याची कॅसेट घासून घासून किंचाळायला लागली, आणि सासऱ्यांच्या स्टुलावर अखेर मांजर बसलं.

यशाचे सगळे हार त्याने स्वतःच्या मफलरावर घेतले. दर लग्नसराईत तो येई. घोषणा बदलू म्हटलं तर ऐकत नसे. उलट शेवटी नवीन वाक्य जोडी: "उशी म्या सोता वापरून राह्यलो! कापूस पुरेपूर!"

तेव्हा मी गल्ल्यामागे वाकून काहीतरी शोधायला लागायचो. दरवर्षी वाटायचं, याला एक नवी उशी द्यावी. पण का दिली म्हणून विचारलं तर? कबूल करावं लागलं असतं. म्हणून दरवर्षी चहा दिला. स्पेशल.

पुढे घराघरात केबल आली. जाहिराती टीव्हीच्या पडद्याखालून सरकू लागल्या. त्याचा हात वर गेला तरी कुणी थांबेना, बकऱ्यासुद्धा. मग एका लग्नसराईत तो आलाच नाही. दम्याने गेला, असं कळलं.

काही महिन्यांनी त्याची बायको दुकानात आली. काखेत ती उशी. "भाऊजी, हे जरा भरून द्या. आता मी घेईन म्हनते."

उशी पोळीसारखी झाली होती. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी घाईने म्हणालो, "वापरून दबली, वहिनी."

"नाही जी, आली तवाच अशी होती. मी म्हनलं, परत करा. तर मलेच रागावले. कोनाले दाखवू नको म्हने, शेटजीच्या दुकानाचं नाव जाईन. खाली धोतराची घडी घालून निजत."

दुकानाची रीत होती, आलेला माल दारात तोलायचा. मी एका पारड्यात भरल्या उशीचं वजन टाकलं आणि दुसऱ्यात ही उशी ठेवली. उशीचं पारडं जागचं हललं नाही. बाकावरचा तेलुगू म्हातारा मान पुढे काढून पाहत होता. हळूच म्हणाला, "तक्कुवा उंदी."

कमी आहे. एवढी तेलुगू मला येत होती. मी म्हणालो, "अवुनु." हो.