पासिंगचं रुखवत

मोटार वाहन कायदा मी विकत घेऊन वाचला होता. एवढं एक वाक्य टाकलं की रोह्याच्या नाक्यावर समोरचा माणूस गप्प व्हायचा, आणि मला तेवढंच हवं असायचं. माझ्याकडे एक मिनीबस होती. खाडीकाठच्या गावांतून कामगार उचलायचे, अष्टमीहून पूल ओलांडून रोह्यात यायचं आणि पहिल्या शिफ्टचा भोंगा व्हायच्या आत धाटावला कंपनीच्या गेटवर सोडायचे, हा माझा धंदा. मोबाइल अजून यायचे होते.

गाडीपेक्षा माझी फाइल देखणी होती. परमिट, विमा, टॅक्स, पीयूसी, फिटनेस, सगळं ओळीनं प्लास्टिकच्या पाकिटांत. आपलं परमिट कंत्राटी वाहतुकीचं आहे, तेव्हा वाटेत हात दाखवणाऱ्याला उचलायचं नाही, बसणाऱ्यांची यादी गाडीत ठेवायची, हे मी इतर मालकांना चहा पिता पिता शिकवायचो. पोलिसानं गाडी थांबवली की बाकीच्यांची तोंडं पडायची. मला मात्र आनंद व्हायचा. मी फाइल छातीशी धरून नवरदेवासारखा उतरायचो. सगळे मला 'वकील' म्हणत. ते चेष्टेनं म्हणतात हे कळायला मला फार वर्षं लागली.

वर्षातून एकदा गाडी पेणला नेऊन आरटीओच्या साहेबांना दाखवायची आणि ती रस्त्यावर चालवायला लायक आहे असा दाखला आणायचा, याला आमच्यात पासिंग म्हणतात. त्या दिवशी गाडीत काय काय असावं लागतं याची यादी मला तोंडपाठ होती. आम्ही सहा मालक. सहाही गाड्यांत ते सगळं सामान कायम ठेवायचं, असा कायद्याचा साधा अर्थ. आम्ही काढलेला अर्थ वेगळा होता. आम्ही सहा जणांत मिळून एकच संच केला. एक आग विझवायचा लाल डबा, एक औषधपेटी, दोन चांगले टायर, वायपरची जोडी, लाल चमकणारा त्रिकोण आणि सीटवर घालायची पांढरी कव्हरं. ज्याचं पासिंग असेल त्याच्या गाडीवर हा सगळा साज चढायचा आणि दुसऱ्या दिवशी उतरायचा. लग्नात मांडतात तसं मांडायचं आणि आवरून ठेवायचं, म्हणून आम्ही त्याला रुखवत म्हणायचो. ही कल्पना माझी होती. त्या वेळी मला तिचा फार अभिमान होता.

रुखवत माझ्या घरी माळ्यावर असायचं, कारण मी कायदा वाचलेला. नुसतं ठेवायचो नाही, निगा राखायचो. औषधपेटीतल्या पट्ट्यांवरची धूळ झटकायचो. लाल डब्याला दर वर्षी दिवाळीत ऑइलपेंटचा एक हात द्यायचो, घराच्या खिडक्यांना देता देता. डब्यावर तपासणीच्या तारखेची चिठ्ठी असते. ती जुनी झाली की माझ्या सुवाच्य अक्षरात नवी लिहून चिकटवायचो. तपासणी म्हणजे नक्की काय करतात हा प्रश्न मला पडला नाही. अक्षर चांगलं आल्याचं समाधान मात्र वाटायचं.

आणखी एक भानगड माझ्या गाडीत होती. मागच्या बाजूला संकटकाळी बाहेर पडायचं दार होतं. त्याच्यासमोरची जागा रिकामी ठेवायची असते. रिकामी जागा माझ्या डोळ्यांत खुपायची. मी तिथं तिघांचा बाक बसवला आणि तो डुगडुगू नये म्हणून त्याच्या पाठीला लोखंडी पट्टी लावून ती दारावरून आडवी घेतली. पेणला जाताना वडखळ नाक्यावरच्या एका गॅरेजात बाक काढून ठेवायचा आणि येताना तिथंच परत लावायचा. चार बोल्ट खाली, दोन पट्टीचे. त्या गॅरेजवाल्याला आमचं येणंजाणं इतकं सवयीचं झालं होतं की माझी गाडी लांबून दिसली तरी तो पाना काढून तयार.

माझा ड्रायव्हर माझ्याहून वयानं मोठा. त्याच्या घरात मागच्या पिढीपर्यंत सगळे मिठागरावर राबलेले. तो पहिलाच चाकावर बसलेला. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला शेठ. त्याची मुलगी धाटावच्या कंपनीत पॅकिंगला होती आणि रोज माझ्याच गाडीनं जायची. बसायची नेमकी त्या मागच्या बाकावर, कारण तिथं वारा लागतो.

मामानं माझ्याकडे पगारवाढ कधी मागितली नाही. मागितल्या त्या दोनच गोष्टी. "शेठ, यो लाल डबा आपल्याच गाडीत राहू द्या. आन् त्यो बाक काढा. पोर माझं तिथंच बसतंय."

"काढू, मामा," मी म्हणायचो. "पुढच्या पासिंगनंतर."

अशी दोन पासिंगं गेली. तिसऱ्या वर्षी त्यानं विचारलं तेव्हा मी चिडलोच. कायद्याचं मला सांगू नका, म्हणालो. तो काच पुसायला लागला.

त्या वर्षीच्या पासिंगला आम्ही सकाळी निघालो. मुलीची सुट्टी होती. तिची आत्या पेणला राहते, म्हणून तीही गाडीत बसली. वडखळला बाक उतरवला. पेणमध्ये ती आत्याकडे गेली आणि आम्ही पांढरी कव्हरं घातलेली, नव्या टायरांची गाडी घेऊन रांगेत लागलो.

साहेब तरुण होते आणि घाईत नव्हते. दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, मागचं दार स्वतः उघडून बंद केलं. मग लाल डब्यापाशी थांबून त्यांनी मामाला विचारलं, "हा वापरता येतो का तुम्हाला?"

"नाय, साहेब," मामा म्हणाला. खरं ते सांगून मोकळा झाला.

मी पुढे झालो. "मला येतो, साहेब!" आणि पुस्तकातला उतारा म्हणून दाखवला. पिन ओढावी, नळीचं तोंड ज्वाळेच्या मुळाशी धरावं, दांडा दाबावा, वारा पाठीशी घेऊन उभं राहावं. हातवारेसुद्धा केले.

"छान. यांना शिकवा," साहेब म्हणाले.

"आजच शिकवतो, साहेब."

दाखला मिळाला. आत्याकडून मुलीला घेतलं. तिच्या मांडीवर पोह्याच्या पापडांचा डबा होता. वडखळला बाक परत लागला. मी इतका खुशीत होतो की तिला म्हटलं, "बस गो मागं. आता सरकारमान्य गाडी आहे." ती हसली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. पासिंग झालं की कोलाडला थांबून वडे खायचे, हा माझा रिवाज होता, म्हणून नागोठण्याहून आम्ही हायवेनंच पुढे निघालो.

नागोठणं मागे पडलं आणि डॅशबोर्डाखालून धूर यायला लागला. आधी बारीक, मग एकदम काळा. वायर जळल्याचा वास नाकात गेला. मामानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि आपल्या बाजूनं उडी मारली. मी पुढच्याच सीटवर, दाराशी होतो. मीही उतरलो. त्या क्षणी मी काय हातात घेऊन उतरलो ते लिहायला आजही लाज वाटते. मी फाइल घेऊन उतरलो.

उतरल्यावर लक्षात आलं की मुलगी आत आहे. दाराच्या तोंडाशीच धूर कोंडला होता, त्यातून तिला पुढे येता येईना. मामा मागच्या दाराकडे धावला. दार त्यानं उघडलं, लगेच उघडलं. पण दारात बाकाची पाठ आणि माझी पट्टी. त्या फटीतून तिचा फक्त हात बाहेर आला, कोपरापर्यंत.

मी मात्र माझं कर्तव्य करत होतो. नाक दाबून दारातून वाकलो आणि लाल डबा ओढून काढला. वारा कुठून येतो ते पाहिलं, खरंच पाहिलं, आणि पिन ओढली. पिन हलेना. इतक्या दिवाळ्यांचा ऑइलपेंट तिच्यावर बसला होता. पिन, दांडा आणि डब्याची मान असा सगळा एक लालभडक गोळा झाला होता. मी जॅकचा दांडा घेऊन त्यावर ठोकायला लागलो. सहाव्या-सातव्या ठोक्याला रंगाचा टवका उडाला, पिन निघाली. दांडा दाबला. नळीतून थोडी पांढरी पूड माझ्या बुटावर पडली आणि संपलं.

एव्हाना मामानं खिडकीची काच सरकवून मुलीला खांदे धरून बाहेर ओढलं होतं. ओढणी फाटली, दंडावर खरचटून रक्त आलं, पापडांचा डबा आतच राहिला. तिला बांधावर बसवून तो परत आला, गाडीच्या पोटातली बॅटरीची पेटी उघडली आणि हातानंच तार उपटली. मग शेताच्या कडेची माती ओंजळी भरभरून डॅशबोर्डाखाली टाकली. धूर बसला. त्याच्या तळहाताला मोठा फोड आला होता. मी औषधपेटी आणली. ती उघडली तर मलमाची ट्यूब दगड झालेली. पट्टी तेवढी स्वच्छ होती, कारण तिच्यावरची धूळ मी झटकत होतो.

मुलगी रडली नाही. ती माझ्या हातातल्या लाल डब्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "घाबरलीस का गो?" तिनं औषधपेटीतली पट्टी घेतली आणि दंडाला स्वतःच बांधायला लागली. मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं.

कोलाडहून वायरमन आला, अंधार पडायच्या आत तारा जोडून झाल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीला गाडी हवीच होती. मला झोप लागली नाही, म्हणून भल्या सकाळी मी स्कूटर काढून मामाच्या गावी गेलो, गाडी रात्री तिथंच असायची, आणि गाडीत पुढे बसलो. मुलगी आली नाही. मला वाटलं, दंड दुखत असेल. गाडी निघाली. गावाबाहेर एसटीच्या थांब्यावर ती उभी होती, हातात जेवणाचा डबा, दंडाला कालचीच पट्टी.

"मामा, थांबा, ती आहे," मी म्हणालो.

मामानं गाडी थांबवली नाही. "मीच सांगितलं तिला, या गाडीत बसू नको," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी डायवर हाय, शेठ. मला बसायला लागतंय."

मी मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर तिच्या जागी दुसरी एक मुलगी बसली होती, खिडकीला डोकं टेकून डुलकी काढत. तिच्या घरी कुणाला काही ठाऊक नव्हतं. फिटनेसचा कोरा करकरीत दाखला माझ्या मांडीवर होता, आणि त्यात लिहिलेलं सगळं मी वडखळला सहा बोल्ट आवळून खोटं केलं होतं.

धाटावला माणसं उतरली तशी मी पाना मागून घेतला आणि गेटसमोरच बाक काढला. मला सवय नव्हती, बोटं सोलली, दोन बोल्टांना मामानं हात लावला, तोही फोड आलेला. त्याच आठवड्यात नवा लाल डबा आला, माणूस बोलावून मामाला आणि मला तो चालवायला शिकवला. रुखवत मोडलं. बाकीचे पाच मालक माझ्यावर भडकले. वकिलाला साक्षात्कार झाला म्हणाले. मी त्यांच्याशी भांडलो. काहींनी ऐकलं, काहींनी आपसांत नवा संच केला.

मग मला घाई झाली ती मुलगी गाडीत परत बसते कधी याची. रोज मामाला विचारायचो. शेवटी मी त्याला म्हणालो, "घरी नीट सांगा तिला. दार मोकळं केलंय, डबा नवीन आहे, आता काही धोका नाही."

दुसऱ्या दिवशी गेटबाहेर चहा पिताना मी विचारलं, "सांगितलं का?"

"सांगितलं."

"मग काय म्हणाली?"

"बोलली, बाबा, हे तू सांगतंस का शेठनी सांगितलं?"

मी ग्लास खाली ठेवला. "मग तुम्ही काय सांगितलं?"

"पोराशी खोटं कशाला बोलू?" मामा म्हणाला. "तुमचंच नाव सांगितलं."

लग्न होऊन सासरी जाईपर्यंत ती एसटीनंच गेली.